पहिल्या हाकेला ओ

सरजाबाईचा भुतांवर काडीचा विश्वास नव्हता. भुताच्या पिक्चरवर मात्र होता, आणि तो इतका गाढ, की तेवढा माणसांवर ठेवला असता तर कधीच लुबाडली गेली असती. हे दोन्ही एका डोक्यात कसं नांदतं, असं नातीनं विचारलं की ती म्हणायची, "नांदायला काय झालं? तुझी माय आन् मी एका घरात नांदतोच की."

रविवारी सकाळी पांढरी साडी नेसून विहारात वंदनेला जायचं, तिथं शांतपणे डोळे मिटून बसायचं, घरी येऊन जेवायचं, आणि त्याच पांढऱ्या साडीत टीव्हीपुढं बसून चेटकीण बघायची, हा तिचा नेम. संघप्रिया, म्हणजे नात, कधी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि पडदे लावलेल्या ओसरीत पांढरी आज्जी दिसली की म्हणायची, "आज्जी, तू घरातली हायस का टीव्हीतली, ते आधी सांग."

"टीव्हीतलीचे पाय उलटे असतेत. माझे दुखतेत. एवढा फरक धर."

मानवतच्या बसस्थानकामागं त्यांचं घर. पुढं पत्र्याची ओसरी, ओसरीला निळं लोखंडी दार. मुलगा सिद्धोधन एसटीत कंडक्टर, म्हणून तो घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. सून बबिता घर आणि शिवणयंत्र दोन्ही चालवायची. संघप्रिया फार्मसी शिकून गावातल्याच एका मेडिकलवर कामाला लागलेली. आणि सरजाबाई? सरजाबाई सगळ्यांना सल्ले द्यायची. ते काम तिला कुणी दिलेलं नव्हतं, पण आजवर तिची एक सुट्टी पडली नव्हती.

पिक्चरचा हा नाद जुना. लग्न होऊन ती मानवतला आली तेव्हा बाजाराच्या मोकळ्या जागेत तंबूचं थेटर लागायचं. मध्ये कनात, अलीकडं बाया, पलीकडं बापे. खाली तरट नाहीतर आपलंच पोतं. रीळ तुटलं की बापे शिट्ट्या मारायचे, आणि बाया तेवढ्यात लेकरांना शू करवून आणायच्या. तिचे मालक लिंबाजी गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत होते, आणि 'भूत नसतं' या विषयावर गावोगाव भाषण द्यायचे. बोरीच्या चौकात त्यांनी असं भाषण केलं होतं म्हणे, की एका देवऋषानं तिथल्या तिथं धंदा बदलला. तेच गुरुजी घरी आले आणि अंधार पडल्यावर परसात जायची वेळ आली की हळूच म्हणायचे, "सरजा, कंदील घेऊन जरा संगं चल. विंचूकाट्याचं भ्या हाय."

तंबूत पडद्यावर दार करकरत उघडायला लागलं की कनातीपलीकडून बारीक आवाज यायचा, "सरजा." मग थोडं थांबून, जरा घाबरून, "ए सरजा! हायस ना?"

तेव्हा ती म्हणायची, "ओ!"

पहिल्या हाकेला ती ओ द्यायची नाही. कधीच नाही. तिची माय बोरीकडची. मायनं तिला लहानपणीच सांगून ठेवलेलं: भूत एकदाच हाक मारतं, माणूस दुसऱ्यांदा मारतो. म्हणून पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. थांबायचं. माणूस असला तर मारील परत. लग्नानंतर गुरुजींनी गळ्यातला ताईत काढायला लावला, दाराची लिंबूमिरची काढायला लावली, नवसाचा गंडा सोडवला. सरजाबाईनं सगळं हसत सोडलं. पण जिभेला पडलेली ही एक गाठ काही सुटली नाही. गुरुजींनी समजावलं, रागावले, एकदा तर खडूनं फळ्यावर लिहून दाखवलं. शेवटी त्यांनी नाद सोडला आणि जन्मभर दोनदा हाक मारत राहिले. "सरजा." थांबायचं. "ए सरजा."

"माझा अर्धा जन्म तुला दुसरी हाक मारण्यात गेला," असं ते शेवटच्या आजारपणातही म्हणाले होते. म्हणाले आणि मग पाणी मागायला दोनदा हाक मारली.

पुढं सगळी गल्लीच शिकली. दूधवाला दोनदा ओरडतो, पोस्टमन दोनदा कडी वाजवतो. आणि आज्जीच्या मांडीवर वाढलेली संघप्रिया तीच सवय घेऊन मोठी झाली. मोबाईल आला तरी तिचं तेच. पहिल्यांदा वाजला की वाजू द्यायचा. परत वाजला की उचलायचा. मेडिकलच्या मालकांनाही ते ठाऊक झालेलं. सरजाबाईला याचा केवढा अभिमान! धम्मही पाळते आणि आज्जीचा शब्दही पाळते, अशी नात पंचक्रोशीत नाही, असं ती विहारातल्या बायांना सांगायची. धम्मात हे बसत नाही, हे त्या बायांनी कधी बोलून दाखवलं नाही. सरजाबाईच्या तोंडाला लागण्यापेक्षा गप्प बसलेलं त्यांना परवडायचं.

तर रविवारचे पिक्चर. त्यांचं सगळं गणित सरजाबाईला तोंडपाठ. डोंगरावर बंगला. बंगल्याचा मालक जमीनदार. मिशी असली तर पापी, नसली तर पस्तावलेला पापी. त्याचं एका गरीब पोरीवर प्रेम. प्रेम म्हणजे कसं, तर तिच्याकडं दुसऱ्यानं बघितलं की हा बंदूक काढणार. मग ती पोरगी मरणार. विहिरीत का भिंतीत, ते बदलायचं. मरायचं मात्र ठरलेलं. आणि मेल्यावर तिचा गळा सुधारणार, केस लांब होणार, आणि ती पांढरीशुभ्र साडी नेसून गात फिरणार.

"साडी मळत कशी न्हाई गं हिची?" सरजाबाईची ही जुनी शंका. "चिखलातून चाललीय, जाळ्यातून चाललीय. मी विहारात जाऊन आले तरी माझ्या काठाला धूळ."

संघप्रियाच्या शंका वेगळ्या असायच्या. "आज्जी, जिवंत होती तेव्हा हिला एक वाक्य तरी होतं का? नुसतं 'मला सोडा, मला सोडा'. मेली तेव्हा कुठं बोलायला लागली."

"बघ तू गुपचूप."

"आन् गुन्हा त्यानं केला, पण भूत बांधायला खिळा हिच्या डोक्यात. तो बघ, नव्या बायकोला गाडीत बसवून शहराला निघाला."

"त्याला पस्तावा झाला की गं."

"त्याला पस्तावा झाला म्हणून नवी बायको. हिला राग आला म्हणून खिळा. चांगला हिशोब हाय."

"तू मेडिकलवर गोळ्या दे. पिक्चरमधलं मला शिकवू नको," असं म्हणून सरजाबाई पुढं सरकायची, कारण तिचा आवडता क्षण आलेला असायचा. पडद्यावरची पोरगी मेणबत्ती घेऊन दाराकडं निघालेली असायची. सरजाबाई टीव्हीच्या दिशेनं हात करून ओरडायची, "अगं बये, उघडू नको! दार उघडू नको!" तंबूतल्या काळापासून ती ओरडत आलेली. आजवर एकाही पोरीनं तिचं ऐकलेलं नव्हतं. "मूर्ख हायेत सगळ्या," ती समाधानानं म्हणायची. "स्वतःच्या हातानं उघडतेत."

आणि अशा या जाणत्या बाईनं सुगतला स्वतःच्या हातानं दार उघडून दिलं.

सुगत चुडावा गावचा. परभणीला सरकारी नोकरी, स्वतःची मोटारसायकल, आईबाप साधे शेतकरी. बघायला आला तेव्हा निळा शर्ट, खिशाला पेन, अंगाला मंद वासाचं अत्तर. सवयीनं सरजाबाईनं त्याचे पायसुद्धा बघितले. बूट सरळ होते, पॉलिश केलेले. चहा झाला, प्रश्न झाले, आणि त्याच्या बापानं 'कळवतो' म्हणायच्या आत पोरगा स्वतःच बोलला, "आजी, मी एकदाच सांगतो. मला मुलगी पसंत आहे. दुसऱ्यांदा सांगायची मला सवय नाही."

सरजाबाईच्या कानात बाजा वाजला. असं वाक्य तिनं फक्त पडद्यावर ऐकलं होतं, तेही मिशीवाल्यांच्या तोंडून. तिच्या ओसरीत, तिच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ते कुणी बोललं नव्हतं. गुरुजी तर पसंतीला आले तेव्हा म्हणाले होते, "मुलीला विचारा, तिला चालत असलं तर बघू." ह्याला काय म्हणायचं! ऐकून अंगावर काटा तरी येतो का?

पाहुणे गेल्यावर बबिता म्हणाली, "आत्याबाई, पोरगा लय टोकाचं बोलतो."

"टोकाचं न्हाई, ठाम बोलतो. तुला काय कळायलंय त्यातलं? तू एक तरी पिक्चर पुरा बघितला का?"

"मला झोप येती भुताच्या पिक्चरला."

"मग बोलू नको."

सिद्धोधननं आईचं ऐकलं, कारण तो नेहमीच ऐकायचा. संघप्रियाला विचारलं तर ती म्हणाली, "आज्जीला बरा वाटला तर बराच असंल." सरजाबाईनं संध्याकाळच्या आत सगळ्या गल्लीत बातमी पोचवली आणि साखरपुड्याचा रविवारही ठरला.

त्यानंतर सुगतचे फोन सुरू झाले. सकाळी कामावर निघताना, दुपारी डबा खाताना, संध्याकाळी परत येताना. कुठं आहेस, संगं कोण आहे, आज कुठला ड्रेस घातलास, फोटो पाठव. संघप्रिया हे नाव लांब पडतं म्हणून त्यानं पुढचं 'संघ' कापून टाकलं आणि नुसतं 'प्रिया' ठेवलं. सरजाबाई लाजून स्वतःच लाल झाली. "बघ, किती गोड बोलवतो! तुझ्या आजोबांनी मला कधी तोडून हाक मारली का?" मेडिकलवर दिवसभर माणसं येतात म्हणून काम सोड, असं तो म्हणाला, तेव्हा सरजाबाईनं तेही साजरं केलं: "जीव लागलाय पोराचा!" आणि 'तू नाही म्हणालीस तर मी जिवाचं काही तरी करून घेईन' असं तो बोलल्याचं कळलं, तेव्हा तर तिनं छातीवर हात ठेवला. हे तर थेट मध्यंतराच्या आधीचं वाक्य!

बबिता शिवणयंत्राच्या चाकावर हात ठेवून थांबली होती. "जीव द्यायचं बोलणाऱ्याला पोरगी द्यायची का?" ती म्हणाली.

"तसं बोलतेत गं. खरं थोडंच करतेत? प्रेम हाय ते."

"मग खोटं कामून बोलायचं?"

यावर सरजाबाईनं सुनेला शेंगा फोडायला लावल्या.

साखरपुड्याच्या आधीच्या रविवारी सुगत दुपारी घरी आला. संघप्रियाला घेऊन परभणीला साडी घ्यायला जायचं होतं. सिद्धोधन गाडीवर गेलेला, बबिता मागच्या अंगणात कपडे धूत होती. सरजाबाईनं पाहुण्यासाठी सुशीला करायला घेतली. मुरमुरे भिजवले, कांदा चिरला. मग मोठ्या कौतुकानं म्हणाली, "जरा बसा की, पिक्चर लावलाय. आमची रविवारची शाळा बघून जा."

सुगत बसला. संघप्रिया भिंतीला टेकून उभी राहिली. पूर्वी ती आज्जीच्या शेजारी मांडी घालून बसायची आणि सारखं काही तरी बोलायची. आज एक शब्द नाही. सरजाबाईला वाटलं, लाजतेय.

पडद्यावर तो मिशीवाला होता. बायको देखणी म्हणून त्यानं तिला वरच्या खोलीत ठेवलेलं. खिडकीला फळ्या ठोकलेल्या. एक दिवस ती बाहेर पडली, देवळापर्यंत गेली, आणि परत आल्यावर जे व्हायचं ते झालं. ती जिन्यावरून पडली. आता मेल्यावर तिचे पैंजण वाजायला लागले.

"अगं माय गं," सरजाबाई म्हणाली, नेहमीच्या सुरात.

सुगत सुशीलाचा घास खात शांतपणे म्हणाला, "चूक तिचीच आहे. त्यानं एकदा सांगितलं होतं ना, बाहेर पडायचं नाही म्हणून? कळत नाही का एकदा सांगितलेलं?"

सरजाबाईची मान आपोआप हलली. हलता हलता मध्येच थांबली. हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. हे तिचंच होतं. तंबूतल्या तरटावर बसल्यापासून ती हेच म्हणत आली होती: गेली कशाला विहिरीकडं, सांगितलेलं ऐकत न्हाईत, मूर्ख हायेत. आपलं वाक्य आपल्या ओसरीत दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तर ते असं लागतं, हे तिला माहीत नव्हतं. आपली वापरलेली साडी दुसऱ्याच्या अंगावर बघावी आणि ती किती विटकी होती हे तेव्हा दिसावं, तसं झालं.

ती उठली. "चहा टाकते," म्हणाली आणि आत गेली.

आत गेल्यावर साखरेचा डबा सापडेना. डबा समोरच होता, पण तिचे डोळे बघत नव्हते. तिनं सवयीनं, फारसा आवाज न करता हाक मारली, "संघे—"

"ओ आज्जी! आले! काय झालं?"

हाक पुरी तोंडाबाहेर पडली नव्हती, तोवर पोरगी दारात उभी. पळत आलेली. ओढणी एका खांद्यावरून खाली, हातात मोबाईल घट्ट धरलेला, डोळे मोठे.

सरजाबाईच्या हातातला चमचा ओट्यावर पडला. तिला पहिल्यांदा चमच्याचाच आवाज मोठा वाटला, आणि मग हळूहळू आपण काय ऐकलं ते तिच्या ध्यानात आलं.

"संघे," ती म्हणाली, "मी पहिलीच हाक मारली."

"हो मग?"

"तू ओ दिलीस."

संघप्रिया कसनुशी हसली. "सवय लागली आता. फोन पहिल्या रिंगला नाही उचलला की..."

"की काय?"

"काही नाही. तो परत करत नाही. एकदाच करतो. मग बोलतच नाही, मी किती केले तरी उचलत नाही. मग कधी तरी उचलतो आन् रडतो. मग मी माफी मागते."

"माफी कशाची?"

"ते विचारायचं नसतं आज्जी." तिनं ओढणी नीट केली. "पीठ मळताना पण फोन जवळ ठेवते मी आता. आंघोळीला जाताना पण."

"आन् मला बोलली न्हाईस?"

"तू लय खूश होतीस."

संघप्रिया एवढंच म्हणाली. रागानं नाही. मेडिकलवर गोळीचा भाव सांगावा तसं सरळ म्हणाली. सरजाबाई ओट्याला टेकली.

सरजे, ती मनात म्हणाली, शाबास तुझी. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरींना ओरडलीस, दार उघडू नको, उघडू नको. आपल्या घरी आला तर धावत जाऊन कडी काढलीस, खुर्ची पुसलीस, वर सुशीला केलीस! पाय बघितलेस त्याचे. पाय सरळच होते. लाख पिक्चर बघून तुला एवढंच कळलं की भूत बाईचंच असतं, ते पांढरी साडी नेसतं आन् केस मोकळे सोडतं. निळ्या शर्टात, खिशाला पेन लावून येणारं तुला ओळखू आलं नाही. ज्याला भूत म्हणायचं त्याला तू प्रेम म्हणालीस, आन् जिला बाधा झाली तिला लाजरी म्हणालीस. तुझ्यापेक्षा ती मेणबत्तीवाली शहाणी. ती निदान एकटी तरी जाते; तू नातीला पुढं ढकललंस.

"तुला जायचं का साडी घ्यायला?" तिनं विचारलं.

"मला माहीत नाही," संघप्रिया म्हणाली. "सगळ्यांना सांगून झालंय. गल्लीत तूच तर सांगितलं."

"गल्लीला मी सांगितलं तर गल्लीचं मी बघीन. सांगायला मला लाज वाटली न्हाई, फिरवायला कामून वाटावी? तुझं तू सांग."

संघप्रिया काही बोलायच्या आत ओसरीतून सुगतचा आवाज आला, "मी गाडी काढतो. पाच मिनिटांत बाहेर ये." बुटांचा आवाज झाला. निळं दार उघडलं, मागं लोटलं गेलं. मोटारसायकल स्टँडवरून उतरवल्याचा खडखडाट आला.

दोघी ओसरीत आल्या. पेनड्राइव्हवरचा पिक्चर त्यानं जाता जाता रिमोटनं थांबवून ठेवला होता. पडद्यावर ती जिन्यावरची बाई तोंड उघडं ठेवून थांबलेली, ओरडणं अर्धवट. बाहेर भर दुपार. दाराच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत आलेली.

"प्रिया!"

हाक आली. मोठी, खणखणीत, एकच.

संघप्रियाचा पाय उचलला गेला. तिचं तोंड ओ देण्यासाठी उघडलंही होतं. सरजाबाईचा हात तिच्या मनगटाकडं गेला, आणि तिनं तो मध्येच मागं घेतला. धरून ठेवायचं काम बाहेरचा करतच होता. त्यात आणखी एकाची भर कशाला? ती फक्त म्हणाली, "पहिलीच हाक हाय, संघे."

"तो दुसऱ्यांदा नाही मारत, आज्जी."

"ते मला म्हाईत हाय. माझी माय सांगून गेली."

संघप्रियानं आज्जीकडं बघितलं. मग दाराकडं. पाऊल तिनं खाली ठेवलं, होतं तिथंच.

बाहेर गाडीचं इंजिन चालू होतं. सरजाबाईनं कान दिला. आणि काय गंमत बघा, ज्या पोराला ती आत्ता ओट्यापाशी भूत म्हणून मोकळी झाली होती, त्याच्यासाठी तिचं मन एकदम पाघळलं. वाटलं, मारावी त्यानं. एक दुसरी हाक मारावी. 'ए संघप्रिया, हायस का?' एवढंच म्हणावं. मग आपण खोट्या ठरू आणि पोरगं माणूस ठरेल. आपल्याला खोटं ठरायची चांगली सवय आहे. आणखी एकदा ठरलो तर काय बिघडतं? गुरुजी भित्रे होते, कंदील घ्यायला लावायचे, भाषणात एक आणि परसात एक असले होते. पण दुसरी हाक मारायला त्यांचा कधी मान आडवा आला नाही. सरजा. ए सरजा. तेव्हा तिला वाटायचं, यात काय मोठं? यात अंगावर काटा कुठं येतो?

इंजिन एकदा मोठ्यानं गुरगुरलं. हातातला मोबाईल वाजला. संघप्रियानं त्याच्याकडं बघितलं. अंगठा बटणापर्यंत नेला आणि तिथंच ठेवला. वाजला, वाजला, थांबला. परत वाजला नाही.

मग गाडी निघाली. गल्लीच्या तोंडाशी हॉर्न झाला, बसस्थानकाकडं वळली, आवाज लांब गेला.

"गेला," संघप्रिया म्हणाली. आणि ती खाली बसली, सुशीलाच्या बशीशेजारी, जशी ती पूर्वी रविवारी बसायची तशी मांडी घालून. थोडं रडली. सरजाबाईनं सांत्वन करण्यासाठी तोंड उघडलं, पण आपल्या सल्ल्यांचा आजवरचा निकाल आठवून ते मिटलं आणि नुसती शेजारी बसली. गुडघे वाजले. पडद्यावरची बाई अजून तोंड उघडून बघत होती.

"हिचं पुढं काय होतं गं?" सरजाबाईनं विचारलं. तिला चांगलं माहीत होतं.

"काय होणार? खिळा," संघप्रिया नाक पुसत म्हणाली.

"मग बंद कर. बसू दे तिला तिथंच. जिन्यावर का होईना, सुखात हाय."

मागच्या अंगणातून बबिताचा आवाज आला, "संघप्रिया!"

दोघी गप्प.

"ए संघप्रिया! आत्याबाई! बहिऱ्या झाल्या का दोघी बी? चहा टाकला का पाहुण्याला?"

"ओ!" दोघी एकदम म्हणाल्या, आणि एकमेकींकडं बघून हसायला लागल्या. संघप्रियाचं हसू अर्धं रडूच होतं.

बबिता ओले हात पदराला पुसत दारात आली. तिनं रिकामी खुर्ची बघितली, अर्धी बशी बघितली, लेकीचे डोळे बघितले.

संघप्रिया उभी राहिली. "आई, मला साखरपुडा करायचा नाही," ती म्हणाली. आवाज बारीक निघाला. आईनं काहीच उत्तर दिलं नाही असं बघून तिनं घसा साफ केला आणि परत म्हणायला घेतलं, "आई, मला—"

"ऐकलं की गं पहिल्याच वेळी," बबिता म्हणाली. "मी काय तुमच्यासारखी हाय?" तिनं दाराला आतून कडी घातली आणि सासूकडं वळली. "यांना येऊ द्या, चुडाव्याला आमी दोघं जाऊन सांगतो. तुमी उठा आत्याबाई, गल्लीत पोचवलेली बातमी फिरवायला जायचंय ना तुमाला? साडी बदलून जा. पांढऱ्या साडीत दारोदार फिरलात तर लोक भितील."